वाढदिवसाची भांडी

रविवारी संध्याकाळी क्लब हाउसमध्ये पाच वर्षांच्या मुलाचा वाढदिवस होतो आणि सोमवारी सकाळी त्याचं उरलंसुरलं कचरा वेचणाऱ्या ताईंच्या हाताखाली येतं. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीत, पार्किंगच्या मागच्या शेडमध्ये, हे वर्गीकरण पाहायला मिळालं. काळ्या पिशवीची गाठ सुटली की आधी बाहेर येते फुग्यांची कमान. अर्धे फुगे फुटलेले, अर्धे मऊ पडलेले, आणि ते ज्यात ओवले होते ती लांबलचक प्लास्टिकची पट्टी. मग चंदेरी झालर, भिंतीला फुगे डकवायचे गोंदाचे ठिपके, पाचचा आकडा असलेला फॉइलचा फुगा, पॉपरच्या नळ्या आणि त्यांतून उडालेली चकचकीत कात्रणं. या सगळ्यावर केकचं क्रीम माखलेलं. एकेक घोट पिऊन टाकून दिलेल्या पाण्याच्या छोट्या बाटल्या तर मोजवत नाहीत.

ताईंची बोटं भराभर चालतात. बाटल्या एका पोत्यात, पुठ्ठा दुसऱ्यात. भंगारात भाव येतो तो या दोहोंनाच. फॉइलचा फुगा कुणी घेत नाही. तो नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या पातळ पापुद्र्यावर धातूचा मुलामा देऊन केलेला असतो आणि हे थर सोडवत बसणं कुणाला परवडत नाही. चॉकलेट-वेफर्सच्या वेष्टनांचीही तीच गत. पुठ्ठ्यावर क्रीम सांडलं असेल तर त्याचाही भाव गेला. पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ पासून पालिकेशी करार करून तिचे सदस्य दारोदार कचरा गोळा करतात. सुक्या कचऱ्यातला विकाऊ माल ही त्यांच्या कमाईतली मोठी बाजू. फुग्यांच्या कमानीत कमाई काहीच नाही, आहे ती नुसती हमाली. आणि ज्याला गिऱ्हाईक नाही ते शेवटी शहराबाहेर जातं. शहराबाहेर म्हणजे कुठे, हे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांना विचारावं. पुण्याच्या कचऱ्याचे ढीग त्यांनी वर्षानुवर्षं सोसले आहेत.

या लेखासाठी ज्या ज्या आई-बाबांशी बोलणं झालं, त्यांतल्या एकालाही हे हवं होतं असं दिसलं नाही. मुलं शाळेत ‘पृथ्वी वाचवा’ची चित्रं काढतात, घरात ओला-सुका वेगळा होतो. तरीही वाढदिवस आला की डेकोरेशनवाल्याचा फोन जातोच. कारण मागच्या महिन्यात समोरच्या विंगमध्ये कमान होती. आपल्या लेकीच्या वेळी नसली तर तिला कसं वाटेल? या प्रश्नापुढे भलेभले हात टेकतात. म्हणूनच मला वाटतं की मुलांचा पर्यावरणपूरक वाढदिवस हे एकट्या घराचं काम नाही. ते चार-दहा घरांनी आधी एकत्र बसून ठरवण्याचं काम आहे. बाकी वस्तूंची निवड वगैरे त्यानंतर.

फुग्यांवर जरा थांबायला हवं, कारण पुढचा सगळा पसारा त्यांच्यामागून येतो. साधा फुगा रबराच्या चिकाचा, म्हणजे नैसर्गिक, तेव्हा तो कुजणारच, असं विक्रेते सांगतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे फुगे गोड्या पाण्यात, खाऱ्या पाण्यात आणि खताच्या ढिगात सोळा आठवडे ठेवून पाहिले गेले. ते फुगे म्हणून ओळखू येतील इतके शाबूत राहिले. त्याआधी, २०१९ मध्ये, टास्मानियातल्या संशोधकांनी १,७३३ मृत समुद्रपक्ष्यांची तपासणी केली होती. टणक प्लास्टिकचा तुकडा गिळण्यापेक्षा फुग्याचा तुकडा गिळल्याने पक्षी दगावण्याची शक्यता बत्तीस पट जास्त, असा त्यांचा निष्कर्ष होता. मऊ तुकडा पोटात जाऊन मार्ग बंद करतो. पुण्याहून समुद्र लांब आहे खरा, पण मुठेतून वाहून गेलेलं भीमेत जातं, भीमेतलं कृष्णेत आणि कृष्णेतलं बंगालच्या उपसागरात.

वर तरंगणाऱ्या फुग्यांची कथा आणखी वेगळी. हेलियम महाग, म्हणून रस्त्यावर मिळणाऱ्या फुग्यांत बऱ्याचदा हायड्रोजन भरलेला असतो. तो तिथल्या तिथे सिलिंडरमध्ये कॉस्टिक सोडा आणि अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यांपासून तयार करतात. या सिलिंडरांचे स्फोट होऊन माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत. असा फुगा आणि केकवरची पेटती मेणबत्ती एका खोलीत, आणि भोवती वीस मुलं. हे मला पर्यावरणाच्याही आधी सुरक्षिततेचं प्रकरण वाटतं.

कायद्याने यातलं बरंच काही केव्हाच बंद केलं आहे. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक आणि थर्माकोलबंदीची अधिसूचना काढली. थर्माकोलच्या प्लेटा-वाट्या गेल्या, सजावटीचं थर्माकोलही गेलं. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड ठरला. मग १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. तिची यादी वाढदिवस डोळ्यांपुढे ठेवूनच केली की काय असं वाटावं: फुग्यांच्या काड्या, आइस्क्रीम आणि गोळ्यांच्या काड्या, ताटल्या, पेले, चमचे, केक कापायची ती पांढरी सुरी, स्ट्रॉ, मिठाईच्या खोक्यावरचं आणि निमंत्रणपत्रिकेवरचं पातळ आवरण, शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ बॅनर. काडीवर बंदी आली, फुगा मात्र सुटला. आणि केकच्या खोक्यात ती पांढरी सुरी अजूनही सर्रास येते. शंभराहून जास्त माणसं जमवायची तर कामकाजाचे तीन दिवस आधी पालिकेला कळवावं आणि कचरा वेगळा करून द्यावा, असं २०१६ च्या घनकचरा नियमांनी बजावलं होतं. ही तरतूद ठाऊक असलेला यजमान मला भेटला नाही.

बंदीनंतर बाजाराने दुसरा रस्ता काढला. आता प्रत्येक वस्तूवर हिरवं पान छापलेलं असतं आणि ‘इको-फ्रेंडली’ वाढदिवसाचं अख्खं खोकं घरपोच मिळतं. यातलं काही चांगलं आहे, बरंचसं नाही. कागदी पेला नुसत्या कागदाचा असता तर त्यात सरबत टिकलं नसतं, आतून त्याला प्लास्टिकचं अस्तर असतं. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की अशा पेल्यात गरम पेय पंधरा मिनिटं राहिलं, तर १०० मिलिलिटरमध्ये सुमारे २५ हजार सूक्ष्म प्लास्टिक कण उतरतात. मक्याच्या स्टार्चपासून केलेले ‘कुजणारे’ पेले कुजतात, पण साठेक अंश तापमानाच्या औद्योगिक खतप्रकल्पात. गच्चीवरच्या खताच्या डब्यात ते वर्षभरानेही जसेच्या तसे सापडतील. पत्रावळीतही फसगत होते. पळसाच्या पानांची, चोयट्यांनी टाचलेली पत्रावळ खरी, पण यंत्रावर दाबलेल्या गोल पत्रावळींना खालून प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवलेला असू शकतो. विकत घेताना कडेला जरा फाडून पाहावं. पान कडकन तुटलं तर ठीक, ताणल्यासारखं लांबलं तर दुकानातच परत ठेवावं. कोकण-गोव्याकडच्या पोफळीच्या विरीच्या ताटल्या आणि केळीची पानं मला यापेक्षा भरवशाची वाटतात. पण एकदा वापरून टाकायची सवय तीही मोडत नाहीत.

ती सवय मोडते भांड्यांनी. कोकणात अनेक वाड्यांना स्वतःची भांडी आहेत. मोठाले टोप, पराती, डाव, झारे, ताटं-वाट्या, सगळं मंडळाच्या मालकीचं. लग्न असो, सत्यनारायण असो की बाराव्याचं जेवण, ज्याच्याकडे कार्य तो मंडळाच्या खोलीतून भांडी नेतो. वहीत नोंद होते, थोडं भाडं पडतं, हरवलं तर भरून द्यावं लागतं. प्रत्येक भांड्याच्या काठावर वाडीचं नाव घातलेलं असतं. यात पर्यावरणाचं नावही कुणी घेतलं नव्हतं. एका घराला शंभर ताटं विकत घेणं झेपायचं नाही, म्हणून वाडीने घेतली. मुंबई-पुण्याला आलेल्या पिढीने गाठीला दोन खोल्या आणि चार पैसे जोडले आणि हा सामायिक माल मागे गावात राहिला.

सिंहगड रस्त्यावरच्या त्याच सोसायटीतल्या काही पालकांनी ही रीत परत आणली आहे. क्लब हाउसच्या माळ्यावर त्यांची एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यासाठी त्यांनी नवं काहीच विकत घेतलं नाही. आपल्याकडे कुठल्याही घराच्या माळ्यावर आहेरात आलेलं स्टील पडून असतं, तेच प्रत्येकाने आणून दिलं. त्यामुळे ट्रंकेतल्या दोन ताटल्या एकमेकींना जुळत नाहीत. कुठे खोलगट, कुठे उथळ, कुठे काठाला वेलबुट्टी. मागे ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली नावं आणि तारखा. कुणाच्या आजीच्या लग्नाची, कुणाच्या बारशाची, एक तर थेट १९७४ ची. मुलं खाणं संपवून ताटली उलटी करतात, नाव वाचतात आणि आपल्याला कुणाची आली ते ओरडून सांगतात. वर्षानुवर्षं वाढदिवस लावणाऱ्या डेकोरेशनवाल्याला असली करमणूक सुचली नसती.

ट्रंकेचा खरा कस लागतो तो भांडी घासताना. स्टीलची भांडी वापरायची आणि खरकट्याचा ढीग घरकामाच्या मावशींपुढे ठेवायचा, यात कचऱ्याचा भार एका बाईच्या हातून दुसरीच्या हातात गेला, एवढंच झालं. या सोसायटीत पहिल्या वाढदिवसाला नेमकं हेच झालं आणि मावशींनी दुसऱ्याच दिवशी ते बोलून दाखवलं, हे फार बरं झालं. आता नियम ठरला आहे. ज्यांच्याकडे कार्य ते घर आणि आणखी दोन घरं मिळून भांडी घासतात. ते जमणार नसेल तर मावशींना आधी विचारायचं आणि वेगळे पैसे ठरवून द्यायचे. मुलांनी आपापली ताटली ओल्या कचऱ्याच्या बादलीत निपटायची, मग पहिल्या टबात बुडवायची. दुसऱ्या टबात साबण, तिसऱ्यात स्वच्छ पाणी. नळ सोडून घासण्यापेक्षा पाणी बरंच कमी लागतं आणि तिसऱ्या टबातलं पाणी झाडांना जातं. बाबामंडळी बाह्या सरसावून टबापाशी बसलेली असतात. मुलांच्या लक्षात राहील ते हेच, असं मला मनापासून वाटतं.

आता खाणं. मुलांच्या पार्टीतलं बरंचसं अन्न ताटात तसंच राहतं, कारण मुलं खेळायला आलेली असतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की जगात २०२२ मध्ये १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं साठ टक्के घराघरांतून गेलं. कुजणारं अन्न कचरा डेपोत दाबलं गेलं की त्यातून मिथेन निघतो. डेपोंना वरचेवर आगी लागतात, त्यामागेही हाच वायू आहे. म्हणजे वाढदिवसाच्या हिशेबात फुग्यांइतकंच पुलावालाही मोजायला हवं. केटररला ‘चाळीस माणसांचं’ सांगितलं, की तो पन्नासाचं करतो आणि आपण त्याला शहाणा म्हणतो.

यावर भेळेसारखं दुसरं उत्तर नाही. चुरमुरे, फरसाण, शेव, चटण्या, कांदा, उकडलेला बटाटा, सगळं वेगवेगळं राहतं. मागेल त्याला, मागेल तेवढी, समोर कालवून द्यायची. कुणाला तिखट नको, कुणाला कांदा नको, कुणाला नुसती शेव हवी. उरलेले चुरमुरे डब्यात गेले की आठवडाभर चालतात. चमचाही लागत नाही, कडक पुरी हातात दिली की तिनेच भेळ उचलायची आणि शेवटी चमचाच खाऊन टाकायचा. सोबत कोकम सरबत किंवा पन्हं, माठातलं पाणी, स्टीलचे पेले. पेल्यांवर खडूने मुलांची नावं लिहिली की एका मुलामागे एकच पेला पुरतो. वेष्टनातल्या चॉकलेटांऐवजी राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, पेरूच्या मीठ-तिखट लावलेल्या फोडी. केक हवा असेल तर हवाच, मुलांशी त्यावरून भांडू नये. मात्र बेकरीत आधी सांगून ठेवावं की सुरी नको, चमकत्या मेणबत्त्या नकोत, खाली चंदेरी कागदाचा बेस नको. आपलं स्टीलचं ताट घेऊन गेलं तर बहुतेक बेकरीवाले त्यात केक देतात. औक्षणाचं निरांजन घरात असतंच.

सजावटीवर फार लिहायला नको. पताका हव्यात, तर त्या मुलांनीच कराव्यात. जुन्या वह्यांचे रंगीत पुठ्ठे, मासिकांची पानं, पतंगाचा कागद. मैद्याची खळ शिजवायची, जरा निवू द्यायची, सुतळीवर बोटाने फासायची आणि कागदाचा त्रिकोण दुमडून दाबायचा. प्लास्टिकचा थर नसलेल्या अशा पताका सुतळी-खळीसकट मातीत जातात किंवा ट्रंकेत पुढच्या वाढदिवसाची वाट पाहतात. गणेशोत्सवात गल्लीगल्लीत हे काम पोरांनीच केलं आहे. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी पाच-सहा मित्रांना बोलावून पताका करायला बसवलं, तर पार्टी एक दिवस आधीच सुरू होते.

मुलांना हाताला काम हवं असतं, हे ज्यांनी आयुष्यभर ओळखलं त्यांत अरविंद गुप्ता यांचं नाव अगदी वरचं. आयआयटी कानपूरहून इंजिनिअर झालेला हा माणूस १९७८ च्या सुमारास होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला. सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि काडेपेटीच्या काड्या जोडून भूमितीचे आकार करायला त्यांनी खेड्यातल्या मुलांना शिकवलं. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी केली आणि ती सगळ्यांसाठी खुली ठेवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वाढदिवसाला जादूगार किंवा ‘टॅटूवाला’ बोलवण्यापेक्षा मधोमध एक चटई टाकावी, तिच्यावर काडेपेट्या, झाकणं, रद्दी, रबरबँड आणि दोरा पसरावा आणि मोठ्यांनी बाजूला बसावं. वर्तमानपत्राच्या टोप्या तर पाच मिनिटांत होतात. पपईच्या देठाची पिपाणी कशी वाजते, हे आजच्या दहा वर्षांच्या पोराला दाखवून पाहावं. त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

आणि दिवाळीचं काय? ज्यांचे वाढदिवस आश्विन-कार्तिकात येतात ती मुलं नशीबवान, कारण त्यांना किल्ल्याची पार्टी करता येते. मला ही कल्पना सगळ्यांत जास्त आवडते. आवताण द्यायचं ते घमेलं आणि खुरपं घेऊन या म्हणून. विटा-दगड रचायचे, वर गोणपाट, त्यावर चाळलेली माती, चिखलाचं लिंपण, मग बुरूज, तटबंदी, पायऱ्या, तळं. आळीव किंवा मोहरी पेरायची. तीन-चार दिवसांनी कोंब दिसले की पाहुणी मुलं किल्ला बघायला पुन्हा येतात, म्हणजे वाढदिवस एका संध्याकाळीत संपत नाही. चिखलाने माखलेल्या मुलांना थीम लागत नाही. ज्यांच्या वाढदिवसाला दिवाळी नाही त्यांच्यासाठी लगोरी आहे, डबा ऐसपैस आहे, विषामृत आहे. एक डबा, एक चेंडू आणि सात ठिकऱ्या, एवढीच खरेदी.

शेवटी उरतो रिटर्न गिफ्टचा प्रश्न आणि खरी अडचण तिथेच आहे. वीस मुलांना वीस पिशव्या, प्रत्येकीत एक प्लास्टिकची बाटली, खोडरबराचं पाकीट, चमकीचा चिखल. उलट दिशेने वीस खोकी, चकचकीत कागदात. चमकी म्हणजे बहुतांशी पॉलिएस्टरचे बारीक तुकडे, मोरीवाटे नदीत जाणारे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये सुट्या प्लास्टिक चमकीवर निर्बंध आणले, ते याचसाठी. कुणी यावर उपाय म्हणून रोप देतात. चौथ्या मजल्यावरच्या, उन्हाचा कवडसा न येणाऱ्या फ्लॅटमध्ये ते रोप महिनाभर तरी जगेल का, हे विचारून मगच द्यावं. विचारलं की बहुतेकदा उत्तर ‘नाही’ येतं. सावंतवाडीचा लाकडी भोवरा द्यावा. पुस्तक द्यावं. ते नवंच असायला हवं असंही नाही. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक मुलं आजही हातातून सोडत नाहीत. सिंहगड रस्त्यावरच्या त्या सोसायटीत मुलांनी येताना स्वतःचं वाचून झालेलं एक पुस्तक आणायचं आणि जाताना दुसऱ्याचं न्यायचं, असं ठरलं आहे. त्यात रिटर्न गिफ्टही झालं आणि भेटही. सुरुवातीला दोन आज्यांना हे पटलं नाही, नातवाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून. त्यांनी घरून बेसनाचे लाडू पाठवले. ते सगळ्यांत आधी संपले.

पण हे सगळं चालतं कशामुळे? त्या सोसायटीतल्या एका विंगेतल्या अकरा घरांनी जूनमध्ये, शाळा सुरू होण्याआधी, एकत्र बसून वर्षभरासाठी ठरवलं म्हणून. कमान कुणाकडेच नाही, तर कुणाच्या मुलीला चुकल्यासारखं वाटत नाही. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना मात्र आधी सांगावं लागतं, तेही ऐनवेळी नाही, निमंत्रणातच. तो मजकूर आता त्यांच्या ग्रुपवर तयार असतो, फक्त नाव आणि तारीख बदलते: ‘शनिवारी चार वाजता खाली मैदानात या. जुने कपडे घाला, माती लागेल. भेट आणू नका, वाचून झालेलं एक पुस्तक आणा. पाण्याची बाटली नको, माठ आहे. किती जण येणार ते गुरुवारपर्यंत कळवा, कारण भेळ तेवढीच आहे. आणि भांडी घासायला दोन जण हवेत, कोण येतंय?’